एका टाचणीत दोन कागद

सूचनाफलकावर एकच टाचणी उरली होती, आणि तिच्यावर दोघांची बोटं एकदमच पडली.

"सोडा," ती म्हणाली.

"आधी मी..." तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने घाईघाईने वाक्य वळवलं, "...म्हणजे, आधी तुम्हीच."

त्याच्या कानामागे पेन्सिल खोचलेली होती. हातात एक कागद — 'मॅनेजिंग कमिटीची सभा, रविवारी सकाळी अकरा वाजता, अंगणापलीकडच्या हॉलमध्ये.' तिच्याही हातात एक कागद होता, पण तो लाल शाईने पेटलेला. 'पाच पायऱ्यांमुळे एक माणूस आठ महिने घरात कोंडला गेला आहे. कमिटीला लाज कधी वाटणार?'

त्याने तो सगळा वाचला. सावकाश, एखाद्याने पत्र वाचावं तसा. मग टाचणी काढली, आपला कागद मागे धरला, तिचा पुढे, आणि दोन्हींतून टाचणी आरपार खोचली.

"तुमचा वर असू दे. लोकांनी आधी हे वाचावं, मग सभेला यावं."

"तुम्ही कोण?"

"नवा सेक्रेटरी. दुसरा मजला."

"अच्छा! म्हणजे ही लाज तुमच्याही वाट्याची."

"हो ना," तो म्हणाला, "कालपासून."

आणि तो हसला. तोंडातल्या तोंडात, परवानगी न घेता हसल्यासारखा. ती मात्र हसली नाही. निदान चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तरी नाही.

*

तिचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं. सगळी सोसायटी तिला 'चष्मेवाली' म्हणायची, आणि भांडायच्या आधी ती स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवते हेही सगळ्या सोसायटीला पाठ होतं. बाबा चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, आणि चाकांची खुर्ची घरात आली. लिफ्ट होती, पण लिफ्टमधून उतरलं की बाहेर पडायला पाच पायऱ्या. सहा-सहा इंचांच्या पाच पायऱ्या! धडधाकट माणसाला त्या दिसतसुद्धा नाहीत. बाबांना मात्र तिथे जग संपत होतं. लिफ्टजवळच्या मोकळ्या जागेत खुर्ची आणायची, तिथून अंगण बघायचं आणि परत वर जायचं. अलीकडे ते म्हणायला लागले होते, "नको गं, उगाच कशाला लिफ्टची वीज जाळायची." ते वाक्य ऐकलं आणि तिने कमिटीच्या निवडणुकीचा फॉर्म भरला. तिला एकच गोष्ट हवी होती. त्या पायऱ्यांशेजारी एक उतार.

आणि वाटेत एकच माणूस उभा होता. अध्यक्ष. जन्मभर जहाजावर काढलेला, म्हणून कप्तान. लहानपणी ती त्यांना कप्तानकाका म्हणायची. बाबांचे ते जिवलग मित्र होते, रविवारी सकाळी दोघं अंगणात बुद्धिबळ मांडून बसत. मग अकरा वर्षांपूर्वी काहीतरी झालं. काय झालं ते बाबा सांगत नव्हते आणि कप्तान बोलत नव्हते. तेव्हापासून चौथ्या मजल्यावरून आलेल्या प्रत्येक अर्जावर अध्यक्षांचा एकच शेरा पडायचा — विषय तहकूब.

त्या रविवारीही तेच झालं. बाबांनी डाव्या हाताने, आठवडाभर खपून काढलेलं उताराचं चित्र तिने टेबलावर ठेवलं. कप्तानांनी गुंडाळी सोडलीसुद्धा नाही.

"इमारतीचा दर्शनी भाग बिघडेल. पुढचा विषय."

तिचा चष्मा कपाळावर गेला.

"एकदा उघडून तरी बघा! की त्यालाही बहुमत लागतं?"

"आवाज खाली! तुमच्या घराण्याला जिभेचा रोगच आहे. बापाला होता, आता लेकीला."

पहिल्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या मावशी तेवढ्या पुटपुटल्या, "झालं. आता चहा मिळत नाही." तिने आशेने सेक्रेटरीकडे पाहिलं. हा माणूस तरी काही बोलेल! तर तो खाली मान घालून लिहीत होता. भराभर, वेडीवाकडी, कुणाला न कळणारी चिन्हं.

"आणि तुम्ही!" ती त्याच्यावरच घसरली. "तुम्हाला कणा आहे, की नुसती पेन्सिलच?"

पेन्सिल क्षणभर थांबली. मग त्याने तेही लिहून घेतलं.

*

तो कोर्टात लघुलेखक आहे, हे तिला पुढच्या सभेत कळलं. तेही जरा महागातच.

सभा सुरू करायच्या आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचा नियम होता. आतापर्यंतचे सेक्रेटरी — आणि दोन वर्षांत चार होऊन गेले होते, चौघंही भांडणांना कंटाळून पळालेले — एकच ओळ वाचत. 'सविस्तर चर्चा झाली.' हा उभा राहिला आणि त्याने सगळं वाचलं. सगळं म्हणजे सगळं. हाताला दुसरी सवयच नव्हती बिचाऱ्याच्या. बारा वर्षं कोर्टात साक्षीदाराचा हुंदका तेवढा सोडून बाकी प्रत्येक शब्द उतरवलेला माणूस तो.

"अकरा वाजून बावीस मिनिटं. अध्यक्ष म्हणाले: आवाज खाली. तुमच्या घराण्याला जिभेचा रोगच आहे. बापाला होता, आता लेकीला."

त्याच्या आवाजात ना राग होता, ना टोमणा. एखाद्याने खिडकीतून बघून बाहेर काय चाललंय ते सांगावं, तसा सरळ आवाज. आणि त्या सरळ आवाजात ते शब्द असे काही उघडे पडले, की कप्तान खुर्चीत सावरून बसले.

"असं... असं म्हणालो मी?"

"हो, साहेब."

"याच शब्दांत?"

"याच. एक शिंक होती मध्ये, ती गाळलीय."

मावशी फिसकन हसल्या. तीही हसणार होती, पण तेवढ्यात तो पुढे वाचू लागला. "अकरा चोवीस. चौथ्या मजल्यावरच्या सदस्या सेक्रेटरींना म्हणाल्या: तुम्हाला कणा आहे, की नुसती पेन्सिलच? सेक्रेटरींनी उत्तर दिले नाही."

तिचे कान तापले. स्वतःबद्दलचं इतकं बोचरं वाक्य त्याने स्वतःच्याच तोंडाने, एक अक्षर इकडचं तिकडे न करता वाचलं होतं. आवाजही हलला नव्हता. कणा म्हणजे आणखी काय असतं?

"हे खोडा!" कप्तान कडाडले.

"ज्याचं वाक्य, तो ते मागे घेऊ शकतो, साहेब. उभं राहून सांगायचं, मी रेघ मारतो. दुसऱ्याचं वाक्य मात्र कुणालाच खोडता येत नाही."

"असं काय?" कप्तान उठले. "मग अकरा वर्षांपूर्वीचंही लिहा की! भर सभेत हिचा बाप मला म्हणाला, ज्याचं घरात कुणी ऐकत नाही, तो इथे हुकूम सोडतो. सगळे हसले. आणि त्याच संध्याकाळी माझा मुलगा घर सोडून गेला. आहे का कुठे त्याची नोंद? काढा जुनं बुक!"

त्याने कपाटातून जुनं बुक काढलं. पानं उलटली. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"विषय पाचवा. सविस्तर चर्चा झाली."

तिला हे माहीतच नव्हतं! सगळी सोसायटी विसरली होती आणि एका माणसाने ते वाक्य अकरा वर्षं एकट्याने सांभाळलं होतं.

"हे आज नोंदवता येईल," तो हळू म्हणाला. "पण मागे घ्यायचं असेल तर ज्यांनी म्हटलं त्यांनाच घ्यावं लागेल. ते सभेला आले पाहिजेत."

"मग यावं की! कुणी अडवलंय?"

"पायऱ्यांनी, साहेब."

एवढंच बोलून त्याने पेन्सिल कानामागे ठेवली. कप्तान हळूच खाली बसले.

*

मंगळवारी दुपारी भुरभुर पाऊस पडत होता. तो दुकानात आला तेव्हा त्याच्या चष्म्यावर थेंबांची नुसती रांगोळी.

"डोळे दुखतात," तो म्हणाला.

"इतकं लिहिल्यावर दुखणारच. शिंका गाळता, तसे एकदोन टोमणेही गाळत जा."

"तुमचे?"

"माझे आधी!"

तिने त्याला खुर्चीत बसवलं, तपासणीची जड चौकट नाकावर चढवली, आणि एकेक भिंग बदलू लागली. हे काम तिने हजारदा केलं होतं. आज मात्र बोटं उगाचच जपून चालत होती, झोपलेल्या बाळाच्या मुठीतून आपलं बोट सोडवून घ्यावं तशी.

"हे बरं, की हे?"

"आधीचं."

"आणि आता? हे, की हे?"

"...आता काहीच वाचता येत नाहीये."

"का? भिंग तर बरोबर आहे."

"भिंग बरोबर आहे. तुम्ही अक्षरांच्या तक्त्यासमोर उभ्या आहात."

ती चटकन बाजूला झाली. आरशात बघण्याची गरज नव्हती, गाल लाल झालेत हे तिला आतूनच कळलं. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "राग नाही येत तुम्हाला? मी तसं बोलले, ते बोलतात... आणि तुम्ही आपले लिहीत बसता."

"येतो. पण माझ्या हाताला काम असतं, म्हणून तोंडाला उशीर होतो. आणि कोर्टात एक बघितलंय. लोक ओरडून जे बोलतात ना, ते त्यांना स्वतःला ऐकूच आलेलं नसतं. मागाहून कुणी हळू वाचून दाखवलं, की मग ऐकू येतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. लोकांचे डोळे बघणं हा तिचा धंदा होता. पण इतके निवांत डोळे तिने बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

गल्ल्याजवळ त्याची वही उघडी पडली होती. सगळी ती वेडीवाकडी चिन्हं. पण बारीक गोष्टी टिपायची सवय असलेल्या तिच्या नजरेला एक खूण सुटली नाही. छोटीशी, कमानीसारखी. ठरावीक ओळींच्या आधीच ती येत होती.

"ही कसली हो खूण? सारखी सारखी दिसतेय."

त्याने वही अशी काही मिटली, की जणू तिच्यात साक्षीदारच लपला होता.

"ती... ती कामकाजाचा भाग नाही."

"मग कशाचा भाग आहे?"

"चष्मा कधी मिळेल?" तो म्हणाला आणि दारातल्या पायपुसण्याला अडखळत पावसात निघूनही गेला. छत्री विसरून.

*

त्या संध्याकाळी तिने बाबांना सगळं सांगितलं.

"म्हटलं होतं मी," ते म्हणाले. "चुरचुरीत बोलायची खाज होती मला. त्याचं पोर गेलं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मग कुठल्या तोंडाने जायचं? आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता त्याने दार लावून घेतलं. आणि मीही वाजवलं नाही."

"आता वाजवाल?"

"खाली कसा जाऊ, बाळा?"

याचं उत्तर शुक्रवारी फलकावर लागलं. तीच नेहमीची सूचना होती — कमिटीची सभा, रविवारी अकरा वाजता. फक्त जागा बदललेली. 'पायऱ्यांच्या वर, लिफ्टसमोर. ज्यांना बसायचं आहे त्यांनी आपापली खुर्ची आणावी.' सूचनेवर अध्यक्षांचीही सही होती. ती त्याने कशी मिळवली, कोण जाणे! मावशींना तेवढं माहीत होतं. "तीन दिवस रोज सकाळी जाऊन बसायचा कप्तानांकडे. काही बोलायचा नाही, नुसता बसायचा. चौथ्या दिवशी त्यांनीच विचारलं म्हणे, कुठे सही करू?"

तिने ती सूचना तीनदा वाचली. ज्याला ती बिनकण्याचा म्हणाली होती, त्याने तिच्या बापासाठी अख्खी सभा उचलून वर आणली होती. आवाज न चढवता.

रविवारी लिफ्टचं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला. समोर कप्तान. अकरा वर्षांनी दोघं इतके जवळ, आणि दोघांच्याही नजरा फरशीवर.

बाबांनीच सुरुवात केली. जीभ अजून जड होती, शब्द एकेक करून येत होते. "मला उभं राहता येत नाही. बसून सांगितलं तर चालेल का, सेक्रेटरी?"

"चालेल."

"ते वाक्य मी मागे घेतो. अकरा वर्षांपूर्वीच घ्यायला हवं होतं. लाजलो, म्हणून राहिलं."

पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता. मग थांबला. त्याने बुक फिरवून कप्तानांसमोर धरलं, आणि त्या वाक्यावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली.

कप्तान रेघेकडे बघत राहिले. मग नेहमीच्या दमदाटीच्या आवाजात म्हणाले, "ते चित्र कुठे आहे?"

तिने गुंडाळी दिली. त्यांनी ती सोडली, गुडघ्यावर पसरली. कपाळाला आठी पडली.

"हे काय काढलंस तू? पाच पायऱ्या, सहा-सहा इंच, म्हणजे तीस इंच चढ. एक इंचाला बारा इंच उतार, म्हणजे तीस फूट लागणार. तू वीसच काढलेस! खुर्ची घरंगळून थेट फाटकाबाहेर जाईल. चित्रकला शिकवायचास ना? एवढं कळू नये?"

"कळतं की," बाबा म्हणाले.

"मग?"

"वीस फुटांच्या पुढे तुझी गाडी उभी असते."

बाहेर अंगणात कुठेतरी सायकलची घंटा वाजली. कप्तानांनी चित्र हळूच गुंडाळलं. खूप हळू, जणू कागद ओला होता.

"गाडी पलीकडे लावेन मी," ते म्हणाले. "तीस फूट करा. मूर्ख कुठला... घरंगळला असतास." मग तिच्याकडे वळून, "आणि ते जिभेच्या रोगाचं. तेही घ्या मागे. उभा आहे मी."

"घेतलं, काका," ती म्हणाली. अकरा वर्षांनी तो शब्द तोंडात आला, आणि त्याची चव बदललेली नव्हती.

तिनेही उभं राहून सांगितलं, "माझंही एक वाक्य आहे. कण्याचं. मागे घेते."

त्याने पट्टी उचलली. पेन्सिल टेकवली. आणि... तशीच धरून ठेवली.

"मारा की रेघ!" मावशी म्हणाल्या.

"मारतो. पण... हे जरा पुढच्या सभेवर टाकलं तर चालेल का?" तो म्हणाला. कधी नव्हे ते त्याचा आवाज थोडा हलला.

*

उतार व्हायला पाच आठवडे लागले. ज्या सकाळी बाबा पहिल्यांदा त्यावरून खाली गेले, त्या सकाळी कप्तान शेजारून चालत होते. हात खुर्चीच्या दांडीपासून चार बोटांवर, न टेकलेला, पण तयार. अंगणात बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. "पांढरी माझी," बाबांचा आवाज आला. "गप रे, पांढरी नेहमी माझीच," कप्तानांचा.

ती मुद्दाम मागे रेंगाळली. फलकाजवळ तो उभा होता, नवा चष्मा लावून, हातात कागद घेऊन. फलकावर एकच टाचणी होती.

"काल इथे डझनभर टाचण्या होत्या," ती म्हणाली. "मी स्वतः पाहिल्यात."

"हो."

"मग बाकीच्या कुठे गेल्या?"

"...खिशात आहेत."

तिने ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. त्याचा कागद घेतला. सगळी ती वेडीवाकडी चिन्हं, आणि सुरुवातीलाच ती कमान.

"आधी ही खूण सांगा."

"तुम्ही बोलायच्या आधी चष्मा कपाळावर सरकवता," तो म्हणाला. "त्याची खूण आहे ती. कोर्टात असलं काही लिहायला बंदी आहे. बारा वर्षांत मी कुणाचंच लिहिलं नव्हतं. तुमचं मात्र... हात आपोआपच लिहून गेला."

"आणि पुढचं? वाचून दाखवा."

त्याने कागद घेतला. खुनाच्या साक्षीतही न हललेला तो आवाज आज दुसऱ्याच शब्दाला अडखळला.

"इतिवृत्तातली दुरुस्ती. 'सेक्रेटरींनी उत्तर दिले नाही' याऐवजी असे वाचावे... सेक्रेटरींना त्या क्षणी उत्तर सुचले नाही, कारण रागावलेल्या माणसाचा चेहरा इतका आवडू शकतो, हे त्यांना माहीत नव्हते. सेक्रेटरी ते वाक्य खोडू इच्छित नाहीत. ते जन्मभर जवळ ठेवू इच्छितात. वाक्य... आणि जमल्यास..."

"जमल्यास?"

"पुढे पेन्सिल मोडली होती."

तिचा हात वर गेला आणि चष्मा हलकेच कपाळावर सरकला. तिने पर्समधून दुकानाचा एक कोरा कागद काढला, त्याच्या कानामागची पेन्सिल ओढून घेतली, आणि फलकावर कागद टेकवून तीनच शब्द लिहिले. साध्या, सगळ्यांना वाचता येतील अशा अक्षरांत.

'जमेल. जन्मभर जमेल.'

मग तिने आपला कागद मागे धरला, त्याचा पुढे, आणि दोन्हींतून टाचणी आरपार खोचली.

"या वेळी तुमचा वर," ती म्हणाली.

"पण माझा कुणाला वाचता येणार नाही."

"म्हणूनच."

जिन्यावरून मावशी उतरत होत्या. त्या फलकापाशी थांबल्या, डोळे बारीक करून वरच्या कागदाकडे बघितलं, मग बोटाने तो किंचित उचलून खालचा वाचला. मग दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"यावर सविस्तर चर्चा झालेली दिसतेय," त्या म्हणाल्या, आणि उतारावरून, पायऱ्या शेजारीच असूनही, ऐटीत खाली गेल्या.